बेणणी

श्रावणात कामशेतजवळच्या एका खाचरात बेणणी चालली होती. चिखलात वाकलेल्या मावशींनी उपटलेलं रोप शेजारच्या इंद्रायणी भातापेक्षाही तरारलेलं होतं. "मावशी, हे भातच की!" मी कळवळून म्हणाले. त्यांनी पातं खोडापासून अलगद ओढलं. भाताच्या पात्याला तिथं पांढुरका पापुद्रा असतो. या गवताला नव्हता. "वरनं नको बघू बाई, सांध्यात बघ."

पिशवीत माझी ४,००० शब्दांची कथा होती. उधेवाडीची एक आई तापानं फणफणलेलं पोर पाठीशी बांधून रात्रीच्या पावसात राजमाचीहून लोणावळ्याकडे निघते. कथा रखडत होती आणि मी वाक्यं घासूनपुसून लखलखीत करत बसले होते.

त्या रात्री कथेचे सांधे तपासले. एकेका परिच्छेदावर तळहात ठेवायचा आणि वरचा-खालचा मजकूर सलग वाचायचा. श्रीवर्धन आणि मनरंजन हे राजमाचीचे दोन बालेकिल्ले धुक्यातून वर येतात, ते माझं सर्वांत लाडकं वर्णन. त्यावर हात ठेवला. काहीच अडलं नाही. तशा पावसात ती आई मागं वळून गड बघणारच नव्हती. बघत होते मी. बोरघाटातल्या गाडीचा आवाज येतो, तिथं १८६३ साली सुरू झालेल्या त्या लोहमार्गाचा इतिहास मी आठ ओळी सांगितला होता. त्यातलं एकच वाक्य उरलं: शिटी ऐकून पोर हललं.

'तिनं छातीवरची गाठ पुन्हा आवळली' हे साधं वाक्य मात्र झाकलं, तर पुढं ओढ्यात गाठ सुटते तो प्रसंगच लटका पडला. दिसायला फिकं, पण भात तेच होतं.

तळेगावात राहिलेल्या गो. नी. दांडेकरांनी इथले गड वर्षानुवर्षं पायी तुडवले. तरी राजमाचीवरची 'माचीवरला बुधा' (१९५८) ही कादंबरी छोटीशीच आहे. गडांच्या भटकंतीला त्यांनी 'दुर्गभ्रमणगाथे'त स्वतंत्र घर दिलं. मीही काढलेलं सगळं वेगळ्या वहीत उतरवून ठेवलं. मावशींचं गवतही बांधावर जमत होतंच, संध्याकाळी म्हशीपुढं टाकायला.

कथा २,६०० शब्दांवर आली. आता त्या आईला वाटेत कुणी थांबवत नाही.