तीस हजारांचे कार्ड गेले कुठे?

भंडारा जिल्ह्यात घरी विड्या वळणाऱ्या बाईचा दिवस मांडीवरच्या सुपात जातो. भिजवलेले तेंदूपान कात्रीने कापायचे, तंबाखू भरायचा, दोरा बांधायचा. मजुरी हजारामागे. ताप येऊन अंथरूण धरले की हात थांबतात आणि मजुरीही बुडते.

अशा घरांसाठी केंद्राने २००८ साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आणली. ३० रुपये भरून स्मार्ट कार्ड मिळे आणि पाच जणांच्या कुटुंबाचा वर्षाला ३० हजारांपर्यंतचा रुग्णालयाचा खर्च त्यातून भागे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांपाठोपाठ विडी कामगारही त्यात आले. रक्कम लहानच होती. पण ताप, जुलाब, बाळंतपण अशा नेहमीच्या कारणांनी दाखल व्हावे लागले तरी कार्ड चाले.

मग राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली. २ जुलै २०१२ला आठ जिल्ह्यांत आणि २१ नोव्हेंबर २०१३पासून भंडाऱ्यासह सर्वत्र. दीड लाखांचे संरक्षण, हप्ता सरकारचा. जुनी योजना महाराष्ट्राने गुंडाळली. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस यांत गरिबांची घरे विकली जाण्यापासून वाचली, हे मान्यच केले पाहिजे. मात्र नवी योजना सुमारे ९७० ठरावीक उपचारांची होती. साधा ताप, नेहमीची प्रसूती त्या यादीबाहेर राहिली.

विडी कामगारांना आणखी एक फटका बसला. १९७६च्या कायद्यानुसार विड्यांवर उपकर घेतला जाई. अलीकडच्या काळात तो हजार विड्यांमागे पाच रुपये होता. त्यातून कामगारांचे दवाखाने चालत, क्षयरोग आणि कर्करोगाच्या उपचारांना मदत मिळे. २०१७मध्ये जीएसटी आला आणि उपकर रद्द झाला. कल्याण योजना बंद पडल्या नाहीत, पण त्यांचा हक्काचा झरा आटला. आता अर्थसंकल्पात जे वाट्याला येईल ते.

त्याच वर्षी राज्याच्या योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. १ जुलै २०२४पासून संरक्षण पाच लाखांचे झाले, शिधापत्रिकेचा रंग कोणताही असो. तेव्हा यादीत १,३५६ उपचार होते. १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, हाही मोठा आधार. तरी रात्री-अपरात्री जवळच्या खासगी दवाखान्यात तापासाठी दाखल झालेल्या मजुराला, उपचार यादीत नसेल तर, बिल स्वतःच भरावे लागते. नेहमीच्या आजारांसाठी छोटी रक्कम राज्याने योजनेतच राखून ठेवावी. तोवर दाखल होण्यापूर्वी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, दोन गोष्टी विचाराव्यात: रुग्णालय योजनेशी जोडलेले (अंगीकृत) आहे का आणि हा उपचार यादीत आहे का. १५५३८८ या क्रमांकावरही ही माहिती मिळते.