परवाना बंदुकीचा, काळजी मनाची

या सदराला येणारी पत्रे बहुधा रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी आणि मुलांचा खोकला यांविषयी असतात. मागील महिन्यात राजापूर तालुक्यातून एक पत्र आले. खाली नाव नव्हते. मजकूर चार ओळींचा होता. ‘माझ्याकडे शेतीसंरक्षणाची बंदूक आहे. तीन महिने रात्री झोप नाही, कशात मन लागत नाही. मनाच्या डॉक्टरांकडे गेलो तर माझा परवाना जाईल का? कृपया पेपरातून उत्तर द्यावे.’

पत्र निनावी असले तरी प्रश्न खरा आहे. शिवाय तो एकट्याचा नाही. दवाखान्यात हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मी अनेकदा ऐकला आहे. म्हणून आजचे सदर त्यासाठीच.

आपल्याकडची बंदूक

कोकणात बंदूक ही मिरवायची वस्तू नाही. आंबा-काजूच्या बागेत वानरे शिरतात, भातात आणि नाचणीत रानडुकरे पडतात. रात्रभराच्या राखणीला आवाज करायला काहीतरी लागते. म्हणून जुन्या घरांत ठासणीची किंवा एकनळी काडतुसाची बंदूक असते. ती पुष्कळदा वडिलांच्या नावाची असते आणि नंतर मुलाच्या नावावर होते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात आणि ‘आता वानरांना काय दाखवू?’ म्हणून बागायतदार कुरकुरतात. ती कुरकुर खोटी नसते.

मात्र आपल्या देशात बंदूक बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्र कायदा करून हिंदी माणसाला निःशस्त्र केले, याचा राग आपल्या पुढाऱ्यांना होता. १९३१ च्या कराची काँग्रेसने हक्कांचा ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. पुढे राज्यघटना झाली तेव्हा तो हक्क तीत आला नाही. उलट सभा भरवण्याचा हक्क देताना ‘शांततेने व विनाशस्त्र’ अशी अट घातली गेली. अमेरिकेने १७९१ सालीच शस्त्राचा हक्क घटनेत घातला. त्यामुळे तिकडे वाद हक्काचा होतो, आपल्याकडे तो परवान्याचा असतो.

आपला शस्त्र कायदा १९५९ चा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. २०१६ च्या नियमांप्रमाणे अर्जासोबत वैद्यकीय दाखला लागतो. अर्जदार शरीराने व मनाने ठीक आहे आणि त्याला मादक पदार्थांचे व्यसन नाही, असे त्यात लिहावे लागते. शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमीही द्यावी लागते. नियम चांगला आहे. पण डॉक्टर म्हणून मला एक गोष्ट खटकते. दाखला एका दिवसाचा असतो आणि परवाना पाच वर्षांचा. मधल्या पाच वर्षांत बाग बुडते, बायको जाते, कर्ज चढते, बाटली जवळ येते. दाखला देताना या गोष्टी कोणाला दिसणार?

‘वेड्याच्या हाती बंदूक’

बंदुकीने काही भयंकर घडले की लोक चटकन म्हणतात, ‘वेड्यांना बंदूक देऊच नये.’ ३१ जुलै २०२३ रोजी जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने नोकरीतल्या बंदुकीने आपला वरिष्ठ अधिकारी आणि तीन प्रवासी यांना ठार केल्याचा प्रकार झाला. तो मानसिक रुग्ण होता, की मनात द्वेष भरलेला माणूस होता, यावर देशभर वाद झाला. त्याचा निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे. पण त्या वादात एक चुकीची समजूत पक्की झाली, ती म्हणजे मानसिक आजारी माणूस हिंसक असतोच.

तसे नाही. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कधीही कोणावर हात उगारत नाहीत. उलट मार खाण्याची, फसवले जाण्याची वेळ त्यांच्यावरच अधिक येते. धोका वाढतो तो दारू, जुने भांडण, पूर्वीची मारहाण आणि हाताशी असलेले हत्यार एकत्र आल्यावर. २२ एप्रिल २००६ रोजी प्रमोद महाजन यांच्यावर त्यांच्या धाकट्या भावाने वरळीच्या घरात गोळ्या झाडल्या. ३ मे रोजी महाजन गेले. त्या पिस्तुलाला परवाना होता. न्यायालयाने भावाला खुनासाठी जन्मठेप दिली. ‘वेड्यांना बंदूक नको’ हा नियम कितीही कडक पाळला असता, तरी ती घटना टळली नसती.

मनाचा आजार आणि बंदूक यांचा खरा संबंध दुसरीकडे आहे. आजारी माणूस दुसऱ्याला मारील ही भीती आपण बाळगतो. वास्तवात तो स्वतःचा जीव घेण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतल्या २६ हजारांहून अधिक आत्महत्या होत्या. वर्तमानपत्रात मोठे मथळे गोळीबाराचे येतात आणि घराघरांतले हे मरण आतल्या पानावरही येत नाही.

काही मिनिटांचे अंतर

आपल्या देशात २०२२ साली १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. आपल्याकडे यांत बंदुकीचा वाटा फार लहान आहे. पण बंदुकीचा प्रश्न वेगळा आहे तो एका कारणामुळे. इतर मार्गांत बऱ्याच वेळा माणूस हाती लागतो. कोणी पाहतो, इस्पितळात नेतो, आम्हाला प्रयत्न करता येतात. बंदूक अशी संधी फारशी देत नाही.

‘ज्याला मरायचे तो मरणारच’ असे लोक म्हणतात. हे म्हणणे अभ्यासाने खोटे ठरले आहे. वाचलेल्या अनेकांच्या बाबतीत विचार पक्का होणे आणि कृती करणे यांत काही मिनिटांचेच अंतर होते, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. म्हणून ती वेळ टळणे महत्त्वाचे. इस्रायलच्या सैन्याने २००६ साली आठवडाअखेरच्या सुटीत घरी जाणाऱ्या सैनिकांना बंदूक छावणीतच ठेवायला लावली. सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. श्रीलंकेने अति विषारी कीटकनाशकांवर बंदी आणली, तेव्हा १९९५ ते २००५ या दहा वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. माणसांची दुःखे तीच होती. साधन लांब गेले, एवढाच फरक.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण बागायतदारांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे एका माणसाने ३५ जणांना मारल्यावर त्या सरकारने भराभर गोळ्या सुटणाऱ्या बंदुका बंद केल्या आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका लोकांकडून विकत घेतल्या. पण शेतकऱ्याची गरज खरी मानली. कारण दाखवा, परवाना घ्या, कुलपात ठेवा, असा मार्ग ठेवला. बंदूक हवी की नको, या दोन टोकांच्या मधे बरीच जागा आहे.

एका बागायतदाराची हकिकत

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगतो. अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ मधुमेहासाठी माझ्याकडे येत. त्यांना आपण अण्णा म्हणू. लागोपाठ दोन वर्षे अवकाळी पावसाने मोहोर गेला, फुलकिड्यांनी उरलेले नेले, फवारणीचा खर्च मात्र चढत राहिला. वजन चार महिन्यांत सहा किलो उतरले. पहाटे तीनला जाग येई ती येईच. त्यांच्या पत्नी औषधाची चिठ्ठी घेण्याच्या निमित्ताने मागे थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘डॉक्टर, हे रात्री बंदूक काढून पुसत बसतात. दिवाळीनंतर एक बारसुद्धा काढलेला नाही.’

मी अण्णांना एकट्याला बसवून सरळ विचारले, ‘अण्णा, जिवाचे बरेवाईट करावे असे मनात येते का?’ असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरतो, ही भीती निराधार आहे. विचारल्याने बहुधा ओझे हलके होते. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘येते.’

मनोविकारतज्ज्ञांकडे जायला मात्र ते तयार होईनात. कारणे दोन. ‘मनाच्या गोळ्या सुरू झाल्या की परवाना गेला’ हे पहिले. दुसरे म्हणजे, ‘गावात म्हणतील, ह्याला रत्नागिरीला दाखवला.’ आपल्या शहरातले मनोरुग्णालय १८८६ पासून उभे आहे. कोकणातले आणि घाटावरचे कितीतरी रुग्ण तिथे बरे होऊन घरी गेले. पण आपण त्या दाराची चेष्टाच केली आणि ती चेष्टा माणसांना उपचारापासून लांब ठेवते.

मी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. परवान्याचे नंतर पाहू, आज बंदूक घरात नको. अण्णांनी परवाना घेऊन स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन बंदूक जमा केली. गावात सांगितले, मुंबईला मुलाकडे जातोय. मग औषध सुरू झाले. पहिले तीन आठवडे काही फरक दिसला नाही. नैराश्याच्या औषधांना तेवढा वेळ लागतोच. सहाव्या आठवड्यात झोप आली, नंतर भूक. पुढच्या हंगामापूर्वी, तज्ज्ञांचे मत घेऊन, बंदूक घरी आली. कर्ज अजून आहे, औषध अजून चालू आहे. अण्णा आहेत.

परवाना जाईल का?

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. शस्त्र कायद्याप्रमाणे ‘मनोविकल’ व्यक्तीला परवाना नाकारता येतो आणि असलेला रद्दही करता येतो. पण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने स्पष्ट सांगितले आहे की, मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून कोणी मनोविकल ठरत नाही, तसे न्यायालयाने ठरवावे लागते. झोप न येणे, चिंता, नैराश्य यांवर औषध घेणारा माणूस कायद्याच्या भाषेत मनोविकल नव्हे. परवान्याचा अंतिम निर्णय परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांचा, हेही खरे. परंतु उपचार घेणाऱ्यापेक्षा आजार लपवणाऱ्याच्या हातातली बंदूक अधिक धोक्याची, हे कोणत्याही समंजस अधिकाऱ्याला पटेल.

रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांवर त्याच कायद्याने बंधन आहे. कोणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा, तो टाळण्यापुरती माहिती सांगता येते. आणखी एक गोष्ट. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे जुने ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. तेव्हा असा रुग्ण पोलिसांच्या भीतीने घरात दडवू नका, लगेच इस्पितळात आणा.

घरच्यांनी काय करावे

झोप उडणे, जेवण तुटणे, माणसांत न मिसळणे, दारू वाढणे, ‘माझ्यामागे तुमचे कसे होईल’ अशी भाषा, वस्तूंची व कागदपत्रांची वाटणी करायला लागणे, ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक दिसली तर थांबू नका.

बंदूक आणि काडतुसे एका कपाटात ठेवू नका. दोन्ही कुलपात, किल्ल्या वेगळ्या. मुलांना जागाही माहीत नसावी.

वाईट दिवस आले आहेत असे वाटले तर बंदूक परवान्यासह पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. शेजाऱ्याकडे किंवा परवाना नसलेल्या भावाकडे ठेवायला देऊ नका, तो गुन्हा होतो.

फवारणीची औषधेही कुलपातच ठेवा. आपल्या जिल्ह्यात बंदुकीपेक्षा त्यांनीच अधिक घरे रिकामी केली आहेत.

नशेत असलेल्या माणसाशी बंदुकीसाठी झटापट करू नका. घरातून बाहेर पडा आणि ११२ ला फोन करा.

जवळच्या डॉक्टरांना दाखवा. मनोविकारतज्ज्ञांची सोय जिल्हा रुग्णालयात आणि प्रादेशिक मनोरुग्णालयात आहे. बाहेर पडवत नसेल तर १४४१६ या ‘टेलि-मानस’च्या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते.

राजापूरच्या त्या वाचकांना माझे सांगणे एवढेच. तीन महिने झोप नसणे हा आजार आहे आणि तो बरा होतो. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आणि तिथे जाण्यापूर्वी, वाटेत पोलीस ठाणे लागत असेल, तर बंदूक तिथे ठेवून जा.