सिंथ-पॉप संगीतातील यंत्र आणि वादक : 'डोन्ट यू वॉन्ट मी' या गीताच्या संदर्भात

प्रस्तावना

१९८० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमधील लोकप्रिय संगीतात 'न्यू वेव्ह' आणि 'सिंथ-पॉप' हे दोन प्रवाह प्रभावी ठरले. पंक संगीताच्या उद्रेकानंतर जे तरुण गट पुढे आले त्यांना 'न्यू वेव्ह' हे काहीसे सैल नाव मिळाले. त्यांपैकी ज्यांनी गिटार बाजूला ठेवून सिंथेसायझरवर संपूर्ण गाणे उभे केले, ते सिंथ-पॉपचे गट होत. 'यंत्राने वाजविलेले, म्हणून निर्जीव' हा या संगीतावरील आक्षेप त्या काळीच घेतला गेला आणि तो अद्याप पुरता मावळलेला नाही. शेफिल्ड येथील 'ह्यूमन लीग' या गटाच्या एका गीताच्या आधारे या आक्षेपाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाद्याचे स्वरूप

सतारीत तार कंप पावते, बासरीत हवेचा स्तंभ. सिंथेसायझरमध्ये कंप पावतो तो विजेचा दाब. ऑसिलेटर नावाचा परिपथ हा दाब ठरावीक गतीने कमी-अधिक करतो. त्यातून निघालेल्या नादातील काही अंश फिल्टर गाळून टाकतो आणि तिसरा परिपथ स्वर किती झपाट्याने उमटावा व कसा विरावा हे ठरवितो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी कंपन्यांची तुलनेने स्वस्त वाद्ये बाजारात आली. त्यांतील पुष्कळशी वाद्ये एका वेळी एकच स्वर देत. ही उणीवच सिंथ-पॉपच्या शैलीला कारण झाली : एका बोटाने वाजणाऱ्या, ठसठशीत, लगेच ध्यानात राहणाऱ्या ओळी.

या संगीताचे पूर्वसूरी जर्मनीतील ड्युसेलडॉर्फचे 'क्राफ्टवेर्क' होत. त्यांचा 'आउटोबान' हा संग्रह १९७४ चा. ब्रिटनमध्ये १९७९ साली गॅरी न्यूमन यांची सिंथेसायझरप्रधान गीते विक्रीच्या यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचली आणि हे संगीत प्रायोगिक वर्तुळाबाहेर पडले.

एक गीत आणि त्याची घडण

ह्यूमन लीगची स्थापना १९७७ मध्ये झाली. संस्थापकांपैकी मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श हे संगणकचालक, तर गायक फिलिप ओकी हे रुग्णालयातील हमाल होते. पोलादाच्या या शहरात कारखाने आणि रोजगार ओसरत असतानाच ही मंडळी संगीताकडे वळली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. संगीताची पदवी नाही, वर्षानुवर्षांचा रियाज नाही. तरीही हाती वाद्य आले, कारण ते वाद्य तशी अट घालत नव्हते. १९८० मध्ये गट फुटला. ओकी यांनी शेफिल्डच्याच एका नृत्यगृहात दिसलेल्या, शाळेत शिकणाऱ्या दोन मुलींना, जोआन कॅथरॉल आणि सुझान सली यांना, गटात घेतले. व्यावसायिक गायनाचा अनुभव दोघींनाही नव्हता.

यानंतरचा 'डेअर' (१९८१) हा संग्रह निर्माता मार्टिन रशेंट यांनी घडविला. त्यांच्या कामाची पद्धत पाहिली म्हणजे 'यंत्र आपोआप वाजते' हा समज टिकत नाही. रोलंड कंपनीच्या एमसी-८ या उपकरणात प्रत्येक स्वराची उंची, त्याचा कालावधी आणि तो किती वेळ धरावयाचा हे सारे आकड्यांच्या रूपाने टंकित करावे लागे. ठेक्यासाठी लिन एलएम-१ हे ड्रम मशीन होते. त्यात खऱ्या ढोलवाद्यांचे ध्वनिमुद्रित आघात साठविलेले असत. अर्थात वादकाचे श्रम येथे नाहीसे झाले नाहीत. ते बोटांतून निघून नोंदीत, मोजमापात आणि निवडीत गेले.

'डोन्ट यू वॉन्ट मी' हे गीत म्हणजे आपणच एका परिचारिकेला नावारूपास आणले असे मानणारा पुरुष आणि ते श्रेय नाकारणारी स्त्री यांच्यातील संवाद आहे. (परिचारिका म्हणजे येथे मद्यगृहात पेये देणारी तरुणी.) ओकी यांना हे गीत दुय्यम वाटे, ते संग्रहाच्या अगदी शेवटी ठेवले गेले आणि स्वतंत्र तबकडी काढण्यास त्यांचा विरोध होता. डिसेंबर १९८१ मध्ये ते ब्रिटनमध्ये प्रथम क्रमांकावर गेले व पाच आठवडे तेथे राहिले. १९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतही त्याने तेच स्थान मिळविले. ध्वनी काटेकोर, यांत्रिक. त्यावर सली यांचा अशिक्षित, किंचित सपाट, रोजच्या बोलण्याजवळचा आवाज. गीताचा परिणाम या विसंगतीत आहे. तयारीच्या गायिकेकडून तो साधला असता, असे वाटत नाही.

श्रमाचा प्रश्न

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मे १९८२ मध्ये ब्रिटनच्या संगीतकार संघाच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर व ड्रम मशीन यांच्या वापरावर बंदी मागणारा ठराव संमत केला. निमित्त होते अमेरिकन गायक बॅरी मॅनिलो यांच्या दौऱ्याचे, ज्यात वाद्यवृंदाची जागा सिंथेसायझरने घेतली होती. संपूर्ण संघाने अशी बंदी कधीच लागू केली नाही आणि ठरावाची पुढे थट्टाही झाली. मात्र ती थट्टा करणाऱ्यांचे पोट वाद्यवृंदावर अवलंबून नव्हते. ज्या यंत्राने रुग्णालयातील हमालाला संगीतकार होण्याची वाट दिली, त्याच यंत्राने व्हायोलिनवादकाची संध्याकाळची बिदागी हिरावली.

मुंबईतही ही दोन्ही चित्रे दिसली. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदात गोव्याहून आलेल्या, पाश्चात्त्य स्वरलिपी जाणणाऱ्या वादकांचा मोठा वाटा होता. पुढे सिंथेसायझर व बहुपट्टी ध्वनिमुद्रण रुळले आणि १९९० च्या दशकात ते मोठे वाद्यवृंद आटत गेले. याच चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंह यांनी मात्र १९८२ मध्येच रोलंडची ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही यंत्रे घेऊन ललत, भूप, यमन, मालकंस आदी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधले. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. मींडेची सवय असलेल्या कानाला ती ओळखीची वाटावी. ती तबकडी त्या वेळी खपली नाही. टीबी-३०३ च्या ध्वनीवर उभे राहिलेले शिकागोचे 'ॲसिड हाउस' संगीत नंतरच्या काही वर्षांत जगभर गाजले. सिंह यांच्या तबकडीचे पुनःप्रकाशन २०१० मध्ये झाले, त्यानंतर युरोपात त्यांचे कार्यक्रम झाले आणि २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.