भुरीला इंग्रजीत काय म्हणतात?

पलूसच्या मुलाला द्राक्षावरची भुरी शिकवावी लागत नाही. पानावर राख भुरभुरल्यासारखी दिसली की तो बापाला हाक मारतो. तोच मुलगा बी.एस्सी.चा प्रकल्प करायला बसला की संगणकावर टाकतो, 'ग्रेप व्हाइट डिसीज'. समोर येतं त्यात निम्म्या औषधांच्या जाहिराती असतात. मग तोंड पाडून म्हणतो, "सर, माझं इंग्रजीच कच्चं आहे."

सगळ्यात चिवट गैरसमज हाच. अडलेलं असतं एका शब्दावर. भुरी म्हणजे 'पावडरी मिल्ड्यू', केवडा म्हणजे 'डाऊनी मिल्ड्यू'. हे दोन शब्द घालून शोधलं की शोधनिबंध समोर येतात. गंमत अशी, की 'डाऊनी' हा शब्द बागेत रोज कानावर पडतो. तो इंग्रजी आहे आणि ग्रंथालयातही चालतो, हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं.

असा नेमका शब्द आणायचा कुठून? इथे दुसरा गैरसमज आडवा येतो: इंग्रजीतून शिकायचं तर मराठी ग्रंथ बाजूला ठेवा. वाईत घडलेल्या मराठी विश्वकोशात वनस्पतीच्या नोंदीला सुरुवातीच्या कंसातच इंग्रजी आणि लॅटिन नाव दिलेलं असतं. द्राक्षाचं लॅटिन नाव 'व्हिटिस व्हिनिफेरा'. विषय मराठीत कळतो आणि पुढे शोधायचा शब्दही तिथेच सापडतो. विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो.

शब्द मिळाला की ग्रंथालयात जायचं. तिथे पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा हा दाखल क्रमांक, असं बरीच मुलं समजतात. तो असतो विषयाचा वर्गांक. ड्यूईच्या १८७६ सालच्या दशांश पद्धतीत शेती ६३० आणि द्राक्षं ६३४.८. ही पद्धत जिथे आहे, तिथे पुस्तक मराठी असो की इंग्रजी, आकडा तोच. एकही इंग्रजी वाक्य न वाचता नेमक्या कपाटापाशी पोचता येतं.

शोधनिबंध हाती आला तरी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायची सक्ती नाही. आधी गोषवारा, मग निष्कर्ष. कामाचा वाटला तरच बाकीचा. 'शोधगंगा' या संकेतस्थळावर पीएच.डी.चे प्रबंध मोफत आहेत, मराठीतलेसुद्धा. आणि इंग्रजी उतारा मराठीत उतरवला म्हणून तो आपला होत नाही. लेखकाचं नाव द्यावंच लागतं.

यंदा प्रकल्प घेतलात तर ग्रंथपालांकडे "एखादं इंग्रजी पुस्तक द्या" असं मागू नका. सरळ विचारा, "भुरीवर काय काय आहे?"