मोतीबिंदूनंतर डोळा दुखू लागला तर

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळा थोडा खुपणे, पाणी येणे स्वाभाविक आहे. पण काही दिवसांत दुखणे वाढले, लाली आली, परतलेली नजर पुन्हा अंधूक झाली, तर आत जंतुसंसर्ग झाल्याची शंका घ्यावी. असे क्वचितच घडते. तरी २०१९ मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या पालिका रुग्णालयात अशा संसर्गाने काहींची दृष्टी गेली. येथे नुसते थेंब पुरत नाहीत. डोळ्याच्या आतील द्रवाचा नमुना घेऊन तिथेच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देतात. नजर फारच गेली असल्यास दूषित द्रव शस्त्रक्रियेने काढतात. म्हसावदच्या माझ्या रुग्णांना मी एकच सांगतो : शहाद्याची एस.टी. चुकली तर जीप करा, पण रात्र जाऊ देऊ नका.