निर्देशांक आणि चूल

बंगळूरच्या जुन्या पेठेला लागून नैर्ऋत्येस चामराजपेट नावाची वस्ती आहे. मैसूर संस्थानाने ती १८९२ साली आखली आणि चामराजेंद्र वोडेयर यांचे नाव तिला दिले. रस्ते सरळ, एकमेकांस समांतर; कन्नड साहित्य परिषदेची वास्तू याच वस्तीत, आणि कृष्णराजेंद्र मार्केटचा गजबजाट चालत जाण्याच्या अंतरावर. मराठी माणसाला या शहराचे स्मरण शहाजीराजांच्या जहागिरीमुळे होते. ती जहागीर पुढे मोगलांच्या हाती पडली, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस तीन लाख रुपयांच्या मोबदल्यात हे शहर मैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेले. ज्या शहराचा एकेकाळी असा ठोक सौदा झाला, त्याच शहरात आज कित्येक गृहिणी पाव किलो डाळीचा सौदा करताना दोनदा विचार करतात.

चामराजपेटेत सुखवस्तू घरे पुष्कळ आहेत. परंतु तिच्या मागच्या गल्ल्यांतून आणि शेजारच्या दाट वस्त्यांतून हातावर पोट असणारी माणसेही राहतात. कोणी बाजारात हमाली करतो, कोणी शिवणाचे यंत्र चालवितो, कोणी हातगाडीवर भाजी विकतो. बायका घरकामाला जातात, किंवा घरी बसून हजारी हिशेबाने उदबत्त्या वळतात. भाववाढीचा परिणाम म्हणजे काय, हे पाहावयाचे तर अशाच घरांच्या हिशेबात डोकावले पाहिजे.

समजा, अशा एका घराची महिन्याची मिळकत अठरा हजार रुपये आहे आणि त्यातील नऊ हजार अन्नावर जातात. दुसऱ्या एका घराची मिळकत एक लाख असून अन्नावर वीस हजार खर्च होतात. अन्नधान्याचे भाव शेकडा दहा चढले. पहिल्या घराला नऊशे रुपये अधिक लागले, दुसऱ्याला दोन हजार. रकमेकडे पाहिले तर दुसऱ्याचा तोटा मोठा. परंतु मिळकतीच्या मानाने पहिल्याचा तोटा शेकडा पाच, दुसऱ्याचा शेकडा दोन. शिवाय दुसऱ्या घरात ते दोन हजार शिलकीतून निघतात. पहिल्या घरात शिल्लकच नसते, म्हणून ते नऊशे रुपये दुसऱ्या कुठल्या तरी गरजेतून काढावे लागतात. मिळकत जितकी कमी, तितका तिच्यातील अन्नाचा वाटा मोठा, हा नियम अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली मांडला, आणि तो सहसा कोठे खोटा ठरलेला नाही.

आता भाव चढण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. एक भरती-ओहोटीची. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली. कोलारची टोमॅटोची मोठी बाजारपेठ बंगळूरच्या उशाशी असूनही शहरातील ग्राहकाला तिचा काही उपयोग झाला नाही, कारण पीकच कमी आले होते. त्या महिन्यात देशातील किरकोळ भाववाढीचा दर ७.४४ टक्के झाला. नुसत्या भाजीपाल्याची वाढ ३७ टक्क्यांच्या वर होती. वर्तमानपत्रांतून एकच कोलाहल उठला. गरीब घरातील सारू मात्र चिंचेवर भागले, आणि काही आठवड्यांतच टोमॅटो इतका उतरला की रडण्याची पाळी शेतकऱ्यावर आली.

दुसरी तऱ्हा पायरीची. तिचा गवगवा कमी होतो, पण घाव तिचाच खोल असतो, कारण चढलेली पायरी सहसा उतरत नाही. नंदिनीचे टोन्ड दूध २०२३ च्या ऑगस्टमध्ये लिटरला ३९ रुपयांवरून ४२ रुपये झाले. २०२४ च्या जूनमध्ये लिटरच्या पिशवीत ५० मिलिलिटर दूध वाढवून तिची किंमत ४४ रुपये करण्यात आली. दर तोच राहिला, हे खरे. पण जिला तेवढ्या जादा दुधाची गरज नव्हती तिलाही दोन रुपये अधिक मोजावेच लागले. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते वाढीव दूध काढून घेतले गेले आणि लिटरची किंमत ४६ रुपये झाली. रोज एक लिटर घेणाऱ्या घराचा खर्च दोन वर्षांच्या आत महिन्याला दोनशे दहा रुपयांनी वाढला. अर्थात या वाढीचे समर्थन दूध घालणाऱ्या शेतकऱ्याच्या बाजूने करता येते, आणि ते पोकळ नाही. २०२५ च्या जानेवारीत शहराच्या बसचे भाडे शेकडा पंधरा चढले. २०२३ च्या जूनपासून स्त्रियांना बसप्रवास विनामूल्य झाल्यामुळे घरातील बाईला त्याची झळ लागली नाही. हमालीला जाणाऱ्या तिच्या नवऱ्याला लागली.

येथेच एका गैरसमजाचा उलगडा केला पाहिजे. ‘महागाई घटली’ असे जेव्हा सांगण्यात येते, तेव्हा भाव उतरले असे सामान्य माणूस समजतो. वस्तुतः घटलेला असतो तो भाव चढण्याचा वेग. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये देशाचा किरकोळ भाववाढीचा दर अवघा ०.२५ टक्के होता. परंतु त्यामुळे दुधाची पिशवी पुन्हा ३९ रुपयांवर आली नाही, बसचे तिकीटही जुन्या दरावर आले नाही. भाजी उतरली म्हणून सरासरी उतरली. पायऱ्या होत्या तेथेच राहिल्या.

ही सरासरी काढण्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. केंद्र सरकारचा श्रम विभाग औद्योगिक कामगारांसाठी ग्राहक किंमत निर्देशांक तयार करतो. ठरावीक बाजारांतील ठरावीक दुकानांतून ठरलेल्या वस्तूंचे भाव नियमाने टिपले जातात, प्रत्येक वस्तूला कामगार कुटुंबाच्या खर्चातील तिच्या वाट्याप्रमाणे भार दिला जातो, आणि सर्वांची गोळाबेरीज एका आकड्यात उतरते. २००१ च्या मालिकेत अन्नपेयांचा भार सुमारे ४६ टक्के होता. २०१६ च्या मालिकेत तो सुमारे ३९ टक्क्यांवर आला. कामगारांचे सरासरी राहणीमान सुधारल्याचे हे चिन्ह आहे, यात शंका नाही. परंतु कारखाने, खाणी, मळे, रेल्वे, मोटारवाहतूक, बंदरे आणि वीज या सात क्षेत्रांतील कामगारांचे ते चित्र आहे. घरी उदबत्त्या वळणारीची किंवा धुणीभांडी करणारीची टोपली त्यात मोजलेली नाही, आणि तिच्या टोपलीचा अर्धा भाग आजही अन्नाचाच असू शकतो. घरभाड्याची पाहणी तर सहा महिन्यांतून एकदा होते. बंगळुरात घर घेताना आठ-दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून आगाऊ देण्याची रीत रूढ आहे; ती रक्कम परत मिळावयाची असल्यामुळे भाड्यात धरली जात नाही. पण ती उभी करण्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज मात्र दर महिन्याला भरावेच लागते.

आकड्यांविषयी हा संशय नवा नाही. मुंबई सरकारने १९२१ साली श्रम कार्यालय स्थापन केले, आणि फिंडले शिरास यांनी गिरणगावातील कामगारांच्या घरखर्चाची पाहणी करून १९२३ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला. कामगाराच्या पोटात पडणारे धान्य मुंबईच्या तुरुंगातील कैद्याला नेमून दिलेल्या शिध्याहून कमी आहे, असे त्या अहवालाने नमूद केले. पुढे १९६३ साली मुंबईचा निर्देशांक खरी महागाई दाखवीत नाही, म्हणून कामगार संघटनांनी मोठे आंदोलन उभारले. तेव्हा प्राध्यापक लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली, तिला उणिवा आढळल्या आणि दुरुस्ती करावी लागली. निर्देशांकातील एकेका अंकाला गिरणी कामगाराच्या महागाई भत्त्याचे पैसे जोडलेले होते. म्हणून संख्याशास्त्राचा हा रुक्ष विषय त्या वर्षी चाळीचाळींतून बोलला गेला. १९७२ च्या दुष्काळात तर मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या.

कर्नाटकात किमान वेतनाचा बदलता महागाई भत्ता वर्षातून एकदा, १ एप्रिलला, मागील निर्देशांकावरून ठरविण्याची पद्धत आहे. म्हणजे भाव आधी चढतात आणि मजुरी मागाहून येते. मधले महिने वाण्याच्या उधारीवर निघतात, आणि जिची उधारी असते तिला दुकान बदलता येत नाही, घासाघीसही करता येत नाही. ज्यांना मजुरी नगावर मिळते, त्यांच्यापर्यंत तो भत्ता किती पोचतो, हे मधल्या मुकादमावर अवलंबून असते.

काटकसर प्रथम कोठे होते? भात किंवा नाचणीची मुद्दे सहसा तुटत नाही; पोट भरलेच पाहिजे. आधी डाळ पातळ होते, मग दूध चहापुरते उरते, मग फळे आणि अंडी जातात. पोट भरलेले दिसते, पण अंगाला लागणारे अन्न कमी होते. आणि ते सर्वांत आधी वाढणारीच्या ताटातून कमी होते. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली, तेव्हा ज्या मुलांच्या वाट्याची डाळ कमी झाली, त्यांच्या वाढीच्या वयातील तेवढे महिने डाळ स्वस्त झाल्यावर परत आले नाहीत.

म्हणूनच गरीब घराला मदत पैशात द्यावी की धान्यात, हा प्रश्न वाटतो तितका तांत्रिक नाही. कर्नाटक सरकारने २०२३ च्या जुलैत माणशी पाच किलो जादा तांदूळ देण्याचे ठरविले. तांदूळ पुरेसा मिळेना, तेव्हा किलोला ३४ रुपयांप्रमाणे माणशी १७० रुपये बँकेत भरण्यास सुरुवात केली. चार माणसांच्या घराला ६८० रुपये. औषधाची निकड असेल तेव्हा रोख रक्कम सोयीची, हे उघड आहे. परंतु बाजारात तांदूळ ३४ वरून ४० रुपयांवर गेला, तर त्याच ६८० रुपयांत वीसऐवजी सतराच किलो येतात. रोख दिले की भाव चढण्याचा धोका घराच्या माथी; तांदूळ दिला की तोच धोका सरकारी तिजोरीच्या माथी. २०२५ च्या फेब्रुवारीपासून रोख रक्कम थांबली आणि पाच किलो तांदूळ पुन्हा रेशनच्या दुकानातून तोलून मिळू लागला.