नांदूर मध्यमेश्वर : चौकटीत पाणीही हवं

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर मुळात पक्ष्यांसाठी घडलंच नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी-कादवेच्या संगमावर बंधारा उभा राहिला तो कालव्यांसाठी. पाण्याबरोबर गाळही अडला, वर्षानुवर्षं साचत त्याची बेटं झाली, उथळ दलदल पसरली, पाणकणीस माजलं. सिंचनाच्या हिशेबात हा निव्वळ तोटा. पक्ष्यांचा संसार मात्र त्यावरच उभा आहे. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये रामसर यादीतलं राज्यातलं पहिलं पाणथळ म्हणून त्याचं नाव सर्वतोमुखी झालं. कॅमेरा घेऊन येणाऱ्यानं हा जन्मवृत्तान्त ध्यानात ठेवावा, कारण इथे कोण कुठे दिसणार ते पाण्याची खोली ठरवते. शेकाट्या लांब लाल पायांवर उथळ पाण्यात चालतो, वारकरी बुडी मारता येईल तिथे असतो, कमळपक्षी तरंगत्या पानांवर. नुसता पक्षी चौकटभर घेतला की हे सगळं पुसलं जातं. म्हणून शरदात इथे पक्ष्याइतकंच पाणीही टिपावं, असं माझं मत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : जानेवारीत या, तेव्हा गर्दीही जास्त आणि रंगही. खरं आहे. ऑक्टोबरात नुकत्याच पोचलेल्या थापट्या आणि तलवार बदकांचे नर पिसं बदलण्याच्या अवस्थेत, मादीसारखेच मातकट दिसतात. पण जवळून टिपलेला चेहरा त्यामुळेच या दिवसांत फारसं काही देत नाही. शरदाची खरी कमाई वेगळी आहे : पावसाळ्यात इथेच वाढलेली जांभळ्या पाणकोंबडीची राखाडी पिल्लं आणि उत्तरेकडून आलेली बदकं एकाच पाण्यावर दिसतात. जानेवारीपर्यंत पिल्लं ओळखू न येण्याइतकी मोठी होतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लांबून घेतलेल्या चित्रात बदकं ठिपक्यांसारखी दिसतात, मग ओळख कशी पटायची? ओळखीसाठी एखादी जवळची चौकट घ्यावीच. थापट्याची फावड्यासारखी चोच एरवीही लपत नाही. परंतु तेवढ्यासाठी काठाकाठानं पुढे सरकत जाणं महागात पडतं. वारकऱ्याला उडायचं तर आधी पाण्यावरून पंख फडफडवत लांब पल्ला धावावं लागतं. एका फोटोपायी अख्खा थवा पळवला तर त्यांची शक्ती वाया जाते आणि चित्रात पाठमोरे पक्षी उरतात. शिवाय ऑक्टोबरचं ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरू लागते. मोठी लेन्स त्या थरथरीलाही मोठं करते, मग हजारो रुपयांच्या काचेतून पिसांच्या कडा विरघळलेल्याच दिसतात. निरीक्षण मनोऱ्यावरून, सकाळच्या तिरप्या उन्हात, मध्यम लेन्सनं घेतलेल्या चौकटीत बेट, पाणकणीस आणि पाण्याची पातळी तिन्ही येतात. वरच्या धरणांतून पाणी सुटलं की इथली पातळी हलते. पुढच्या वर्षी त्याच मनोऱ्यावरून तीच चौकट घेतली, तर गाळ किती सरकला आणि शेकाट्यांची जागा कुठे गेली, हे दोन फोटो शेजारी ठेवून पाहता येईल.